कमरेपर्यंतची आई

विशाखा,

तू गेल्यावर तुझ्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी मी सरबत वाटत होते. निपाणीला तुमच्या गल्लीत मांडव घातला होता. पांढऱ्या साड्यांतल्या बायका सतरंजीवर बसल्या होत्या आणि समोर बुद्धमूर्तीच्या शेजारी तुझा फोटो होता, शाळेच्या ओळखपत्रावरचा, मोठा करून आणलेला. त्यात तू फार गंभीर दिसतेस. मी ट्रे घेऊन फिरत होते. कुणाचा ग्लास रिकामा झाला, कुणाला अजून मिळालं नाही, एवढंच मला दिसत होतं.

त्रिशरण-पंचशील झालं, मग लोक एकेक करून तुझ्याबद्दल बोलले. तुझ्या हेडबाई बोलल्या, गल्लीतले दोघंतिघं बोलले. कुणीतरी म्हणालं, बेळगावची मैत्रीण आलीय, तिलाही बोलू दे. मी उभी राहिले. विशाखा माझी मैत्रीण होती, ती शाळेत चित्रकला शिकवायची, एवढं बोलले आणि पुढचं काही येईना. लोकांना वाटलं, गळा दाटून आला. तसं काही नव्हतं गं. गळा अगदी मोकळा होता. आत बोलण्यासारखंच काही नव्हतं. मी खाली बसले आणि थोड्या वेळाने सरबताचा ट्रे परत उचलला.

म्हणून हे लिहितेय. दुसऱ्या कुणाला तुझ्याबद्दल सांगायला गेले की दोन वाक्यांत संपतं. तुला सांगायला घेतलं की निदान तिसरं सुचतं.

तू पहिल्यांदा आलीस ती रद्दी मागायला. बेळगावजवळ मच्छेत आमच्या कारखान्यात पुठ्ठ्याची खोकी होतात आणि त्या खोक्यांचे आराखडे मी कॉम्प्युटरवर काढते. कुठे कापायचं, कुठे दुमडायचं, कुठे चिकटवायचं. गेटवर वॉचमनने तुला अडवलं. तू त्याच्याशी कन्नडमध्ये इतका वेळ हुज्जत घातलीस की त्याने वैतागून तुला माझ्याकडे पाठवलं. छपाई बिघडलेले पुठ्ठे तुम्ही फेकून देता, ते आमच्या पोरांना द्या, असं म्हणालीस. मी चांगले कोरे पुठ्ठे काढून ठेवायला निघाले, तर तेही तुला नको होते. कोऱ्या पुठ्ठ्यावर पोरं हात चालवायला भितात म्हणे.

त्या रद्दीतून तुम्ही कणकुंबीचा डोंगर केलात. नकाशावर उंचीच्या ज्या रेषा असतात, त्यातल्या एकेका रेषेचा एकेक थर कापायचा आणि थरावर थर चिकटवत जायचं. भूगोलाच्या सरांना वर्गात दाखवायला हवा होता. तो बघायला तू मला शाळेत बोलावलंस. कडा दातरलेल्या होत्या, एका उतारावर आंब्याच्या रसाच्या खोक्याची अर्धी जाहिरात दिसत होती. पण लांब उभं राहून बघितलं की डोंगरच. मी त्याच्याभोवती फिरून आले तेव्हा तू म्हणालीस, "डोंगर होतोय, तर माणूस का व्हायचा न्हाय?"

कुठला माणूस, असं मी विचारलं.

"आई," तू म्हणालीस. इतक्या पटकन, की हा विचार डोंगराच्या आधीपासूनचा असणार हे मला तेव्हाच कळलं.

तुझी आई, हौसामावशी. तिचं सगळं आयुष्य निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत गेलं. खाली बसून तंबाखू निवडायची, चाळायची, पोती भरायची. तू आणि तुझा भाऊ शिकलात ते त्या मजुरीवर. भाऊ दुबईला गेला, तू बेळगावात शिक्षिका झालीस. मावशी आता कमरेतून पुढे वाकली आहे. चालताना समोरून येणाऱ्या माणसाचे तिला आधी पाय दिसतात, मग ती मान वळवून वर बघते.

पुतळा तुमच्या गल्लीतल्या अभ्यासिकेत ठेवायचा होता. एकच खोली, पोरंपोरी तिथे परीक्षांचा अभ्यास करतात. भिंतीवर थोरामोठ्यांचे फोटो आहेत. ते असूच देत, तू म्हणायचीस, पण ज्या बायकांनी वखारीत बसून ह्या पोरांच्या आयाबापांना शिकवलं, त्यांच्यातली एक तरी तिथं पाहिजे. मावशीला हे काही पटलं नाही. पुतळे मोठ्या माणसांचे असतात, माझा बघून माणसं हसतील, असं ती म्हणाली. हसू देत, तू म्हणालीस, आणि विषय संपवलास. तुझ्या घरी विषय असे पटकन संपायचे, हे मी तेव्हा बघितलं होतं. त्यात काही वेगळं आहे असं मला वाटलं नव्हतं.

फोटो काढायला आपण निपाणीला गेलो त्या रविवारी आभाळ भरून आलं होतं. आपल्याला तसंच हवं होतं, कारण उन्हात सावल्या पडतात आणि सावली कॉम्प्युटरला खड्ड्यासारखी वाटते. अंगणात स्टूल ठेवलं. मावशी हिरवं लुगडं नेसून, केसांना तेल लावून, हात गुडघ्यांवर ठेवून बसली. तू तिच्यासमोर उकिडवी बसून तिचा पदर नीट करत होतीस आणि हळू आवाजात तिच्याशी काहीतरी बोलत होतीस. मी फोन घेऊन तिच्याभोवती फेऱ्या मारायला लागले. एक फेरी गुडघ्याच्या उंचीवरून, एक छातीच्या, एक डोक्याच्या वरून हात उंच धरून. मध्येच शेजारची कोंबडी आली आणि मावशीच्या पायाशी टोचे मारत बसली. मावशीने हलायचं नाही असं ठरलं होतं, म्हणून तिला हाकलता येईना. तू हाकललीस तर ती परत आली.

त्या फोटोंमधून कॉम्प्युटरने मावशी तयार केली. पडद्यावर ती राखाडी रंगाची, स्टुलावर बसलेली, माऊसने हवी तशी फिरवता यायची. हनुवटीखाली भोक, दोन्ही काखांत भोकं, निऱ्यांचा लगदा झालेला. आणि पायाशी एक गाठोडं. ती कोंबडी होती. सारखी हलत राहिल्यामुळे तिचं अर्धंच धड आलं होतं, मान नव्हतीच. मी ते पुसून टाकायला निघाले, तर तू माझा हात धरलास. आमच्या अंगणात कोंबडी असतेच, म्हणालीस. मी म्हटलं, ही कोंबडी दिसतच नाही, दगड दिसतो. "आमाला कळतंय न्हवं," तू म्हणालीस. कोंबडी राहिली.

काही रविवार भोकं बुजवण्यात गेले. मग एके दिवशी तू माझ्या खुर्चीमागे उभी राहून पडद्यावर बोट ठेवलंस, मावशीच्या पाठीच्या बाकावर, आणि म्हणालीस, हे सरळ कर.

आपलं मोठं भांडण तिथून सुरू झालं. मी म्हटलं, असं कसं करायचं, मग एवढे फोटो कशाला काढले? मनानेच चित्र काढायचं होतं. तू म्हणालीस, "वखारीनं वाकवलं तिला. पुठ्ठ्यात तरी ताठ बसू दे की." मी म्हटलं, मग ती मावशी नव्हे, दुसरीच कुणीतरी बाई होईल. तू पडद्यावरचं बोट काढलंस. मग शांतपणे म्हणालीस, "तुला काय जातंय म्हणायला? तुझी आई न्हवं ती."

तरी माझं म्हणणं मी सोडलं नाही. अभ्यासिकेतल्या पोरांनी ती पाठ बघावी असं मला खरंच वाटत होतं. ताठ पुतळे त्यांनी चौकाचौकांत बघितलेत. तुझं म्हणणं होतं की पाठ तर सगळे रोजच बघतात. बाजारात बघतात, बसमध्ये बघतात, जागा देतात तीही पाठीलाच देतात. तिचं तोंड कुणी बघत नाही. एवढं सगळं करून आपणही पाठच दाखवायची का? दोन्ही बरोबर होतं. त्यामुळेच भांडण मिटेना. पुढे कितीतरी दिवस आपण फोनवर कामापुरतंच बोललो, नंतर तेवढंही नाही.

मग तू भडंगाची पुडी घेऊन कारखान्यावर आलीस. माझ्या टेबलावर ती फोडलीस आणि मांडीवरचा चुरा झटकत म्हणालीस, "कमरेपर्यंत तर भांडण न्हाय न्हवं आपलं?"

हे मला सुचलं नव्हतं. पुतळा आडव्या थरांचा होता, जमिनीपासून वर चढत जाणारा. स्टूल, पावलं, पोटऱ्या, गुडघे, गुडघ्यांवरचे तळवे, इथपर्यंत ताठ आणि वाकलेली मावशी एकच होती. फरक पडत होता तो कमरेच्या वर. तेव्हा खालून सुरू करायचं आणि कमरेशी पोचल्यावर काय ते बघायचं. मी दोन फाइली केल्या. एकीत मावशी होती तशी, दुसरीत तिचा कणा थोडा थोडा ओढून सरळ केलेला. तू खूश झालीस. मीही झाले. दोघींनाही मनातून वाटत होतं की तोवर दुसरी वळेल.

मालकांनी सुट्टीच्या दिवशी कटिंगचं टेबल वापरायची परवानगी दिली होती. रविवारी सकाळी मी बिघडलेल्या पुठ्ठ्यांवर थर कापायचे, प्रत्येकावर त्याचा नंबर लिहायचे, गठ्ठे बांधून स्कूटरवरून वडगावात तुझ्या खोलीवर आणायचे. आजूबाजूच्या घरांतून यंत्रमागांचा आवाज चालू असायचा. प्रत्येक थराला दोन भोकं ठेवली होती. खालच्या फळीवर दोन पाइप उभे केले होते, त्यात थर ओवायचा, म्हणजे तो सरकत नाही. तू ब्रशने गोंद लावायचीस, मी ओवायचे, वर विटा ठेवायच्या आणि चहा करायचा. गोंद वाळेपर्यंत तू पोरांच्या चित्रांच्या वह्या तपासायचीस आणि मला एखादं चित्र दाखवून हे कोण असेल सांग असं विचारायचीस.

पोटऱ्यांपर्यंत आलो तेव्हा मी टेप लावला आणि बघितलं, तर मावशी कमी भरत होती. फाइलीत जेवढी उंची यायला हवी होती त्यापेक्षा चांगली बोटभर कमी. पुठ्ठ्याच्या आत जी पन्हळी असते ती गोंदाने ओली झाल्यावर विटांखाली दबते. मी कोऱ्या पुठ्ठ्याची जाडी धरून थर पाडले होते. रोज पुठ्ठ्यात हात असूनही हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. मी म्हटलं, सगळं सोडवून परत करावं लागेल. तू जमिनीवर बसून हसत सुटलीस. आई बुटकीच आहे, म्हणालीस, तिला कशाला उंच करायला बघतेस. मग वरचे सगळे थर मी दबलेल्या जाडीने नव्याने पाडले. खालची चूक तशीच राहिली. आता बघताना ती दिसत नाही, पण मला ठाऊक आहे की मावशीच्या पोटऱ्या हव्यात त्यापेक्षा आखूड आहेत.

एक गोष्ट आपण कधी बोललो नाही. बेळगुंदीला माझ्या घरी तू एकदाच आलीस. चुलतीने चहा देता देता तुझं आडनाव विचारलं. तू सांगितलंस. कुणी काही वावगं बोललं नाही, पोहेही झाले, आईने तुझ्याबरोबर शेंगा बांधून दिल्या. पण मग तू परत आली नाहीस आणि का येत नाहीस हे मी विचारलं नाही. एवढ्या तेवढ्यावर भांडणाऱ्या आपण दोघी, ह्यावर भांडलो नाही. तुझ्या पुण्यानुमोदनाला माझी आई आली होती. मी तिला ये म्हणाले नव्हते, तारीख कुठून कळली तेही तिने सांगितलं नाही. दोन बस बदलून आली, मावशीशेजारी बसली, तिचा हात हातात घेतला आणि कार्यक्रम संपेपर्यंत सोडला नाही. पंगतीत जेवली. जाताना मला म्हणाली, चांगली मुलगी होती गं. तू असतीस तर त्यावर काय म्हणाली असतीस ते मला सांगता येत नाही.

आपण कमरेशी पोचलो त्या रविवारी भांडायला सुरुवात करायची होती. तुझं डोकं दुखत होतं, म्हणून पुढच्या आठवड्यावर टाकलं. तळवे झाले होते, बोटं वेगवेगळी दिसत होती. तू एका बोटाच्या कडेवरून नख फिरवलंस आणि म्हणालीस की पुढच्या रविवारी लवकर ये, पोट भरून ये, मी सोडणार न्हाय तुला. हसत म्हणालीस. हे तुझं माझ्याशी शेवटचं बोलणं.

त्याच आठवड्यात शाळेत मधल्या सुट्टीत तू डोकं धरून बसलीस आणि कोसळलीस. हेडबाईंनी मला फोन केला. मी पोचले तेव्हा तू शुद्धीवर नव्हतीस. मेंदूतली रक्तवाहिनी फुटली आहे, असं डॉक्टरांनी सांगितलं. ते नीट समजावून सांगत होते, कागदावर चित्रही काढून दाखवलं. मी बघत होते. चित्र चांगलं काढलं होतं.

शेजाऱ्यांच्या गाडीतून मावशी निपाणीहून आली. अतिदक्षता विभागाच्या दाराला एक काच होती, उभ्या माणसाच्या तोंडाच्या उंचीला. मावशी दारापाशी गेली. तिला तिथवर मान नेता येईना. दोन्ही हात दाराला टेकवून तिने वर व्हायचं बघितलं, एकदा, दोनदा. मग माझ्याकडे मान वळवून म्हणाली, "काय करत्या ती?"

झोपल्या, मी म्हटलं.

"पांघरुण हाय?"

हाय म्हटलं. मग हात कुठे आहेत, तोंड कुठल्या बाजूला आहे, असं ती विचारत गेली आणि मी काचेतून बघून सांगत गेले. उजव्या हाताला नळी आहे. केस मागे बांधलेत. चष्मा काढून ठेवलाय. संध्याकाळी तिला आत सोडलं तेव्हा तिला सगळं आधीच ठाऊक होतं. ती सरळ तुझ्या डाव्या हातापाशी गेली, जिथे नळी नव्हती.

त्यानंतर तू दोन दिवस होतीस.

तुला निरोप देऊन आल्यावर दुसऱ्या दिवशी मी कामावर गेले. बिस्किटांच्या खोक्याचा आराखडा होता. तो अगदी अचूक आला. ह्याचं मला काहीतरी वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. लोक विचारायचे, बरी आहेस का, मी बरी आहे म्हणायचे आणि ते खरंच असायचं. जेवत होते, झोपत होते. फक्त रविवार आला की काय करायचं ते कळायचं नाही. एका रविवारी स्कूटर काढून वडगावात तुझ्या गल्लीच्या तोंडापर्यंत गेले, तिथून वळून घरी आले.

पुण्यानुमोदनानंतर मावशी म्हणाली, विशाखाची खोली बघायची आहे, सामान आणायचं आहे. पुढच्या रविवारी आम्ही दोघी निपाणीहून बसने बेळगावला आलो. कुलूप मी उघडलं. गोंदाचं भांडं तसंच होतं, आत ब्रश घट्ट चिकटून बसलेला. मधोमध ती होती, कमरेपर्यंत. वर दोन पाइप नुसते उभे.

मावशीने हे आधी बघितलेलं नव्हतं. तू तिला पुरं झाल्यावर दाखवणार होतीस. ती त्याच्याभोवती हळूहळू फिरली. ती वाकलेली असल्यामुळे तिचे डोळे नेमके त्या तळव्यांवर येत होते. तिने आपली करंगळी त्या करंगळीशेजारी धरून बघितली. दोन्ही सारख्याच वाकड्या होत्या. मग तिने पायाशी बघितलं.

"ही शेजारच्या शेवंताची कोंबडी," ती म्हणाली.

हे तू ऐकायला हवं होतंस, एवढं मनात आलं. तू गेल्यापासून मनात आलेली ती पहिली गोष्ट.

वरचं कधी करणार, असं तिने विचारलं. मग मला सांगावं लागलं. मी लॅपटॉप उघडून दोन्ही फाइली तिला दाखवल्या. विशाखाला तुम्ही सरळ हव्या होत्या, मी म्हटलं, आणि मला जशा आहात तशा. ह्यावरून आमचं भांडण होतं, ते मिटलं नाही. मावशी खुर्चीवर बसून बराच वेळ पडद्याकडे बघत होती. आधी सरळ केलेल्या मावशीकडे बघितलं. ही कोण, म्हणाली, पण रागाने नव्हे. मग दुसरीकडे बघितलं.

"ही वाकडी म्हंतीस व्हय तू?"

मी मान डोलावली.

"अगं, ताठच बसलते की मी," ती म्हणाली. "इशाखा म्हनली, आई, ताठ बस. लई जोर लावलता. एवढंच हुतंय मला."

मी पडद्यावरच्या त्या पाठीकडे परत बघितलं. मग खुर्चीवर बसलेल्या मावशीकडे. खरंच फरक होता. पडद्यावरची मावशी मानेतून, खांद्यांतून वर ओढलेली होती. एवढे रविवार मी ती माऊसने फिरवली, तिची भोकं बुजवली आणि मला ते दिसलं नव्हतं. तुला दिसत होतं. तू तिच्यासमोर बसली होतीस, तिला किती जोर लावावा लागला ते तू बघितलं होतंस. म्हणून तुला ती सरळ हवी होती, तिने जेवढी मेहनत घेतली तेवढी तरी दिसावी म्हणून. हे तू मला का सांगितलं नाहीस? हे सांगितलं असतंस तर मी त्याच दिवशी गप्प झाले असते. की हेच तू त्या न आलेल्या रविवारसाठी राखून ठेवलं होतंस? पोट भरून ये म्हणाली होतीस ते ह्याच्यासाठी?

मावशीला विचारलं, मग कुठली करू?

"मी बसलते तेवढी ताठ बास," ती म्हणाली. "तिला बी सांग."

कुणाला सांगू ते मी विचारलं नाही. म्हणून इथे सांगतेय. फोटोतली मावशीच आम्ही करतोय. ह्यात तू जिंकलीस की मी, ते मला अजून ठरवता आलेलं नाही, आणि तू असतीस तर आपण निदान वर्षभर ह्यावर भांडलो असतो.

त्या दिवशी सामान काही बांधलं नाही. मावशी म्हणाली, हे पुरं होईपर्यंत खोली राहू दे. तेव्हापासून ती रविवारी सकाळच्या बसने येते. मी मच्छेहून थर कापून आणते. नवीन ब्रश आणलाय. ती गोंद लावते, तुझ्यापेक्षा पातळ आणि सारखा, कडेला थेंबसुद्धा ओघळत नाही. मी ओवते. विटा ठेवायला मात्र ती मला एकटीला देत नाही, एक वीट तरी आपल्या हाताने ठेवते. आम्ही फार बोलत नाही. आता पाठ अर्धी चढली आहे. एकेक थर आदल्यापेक्षा थोडा पुढे सरकतो. चेहरा अजून कापलेला नाही. फोटो काढताना तू सरकशील तिकडे ती डोळे फिरवत होती, त्यामुळे तिचे डोळे पुसट आले होते आणि ते तू पडद्यावर स्वतः बसून दुरुस्त केले होतेस. ते थर मी शेवटी कापणार आहे. लवकर कापावेसे वाटत नाहीत.

मला अजून रडायला येत नाही. मावशीलाही मी रडताना बघितलेलं नाही. एकमेकींच्या समोर तरी नाही.

काल गोंद लावता लावता तिने विचारलं, "इशाखा तुझ्यासंगं लई भांडायची का गं?"

लई, मी म्हटलं.

तिने तो थर पुरा केला. माझ्या हातात दिला. मी तो पाइपांत घातला, दाबून बसवला. मग ती म्हणाली, "माझ्यासंगं येकदाबी भांडली न्हाय. ल्हान हुती तवाबी न्हाय. मी दमून येतीया म्हनून. मला वाटायचं, गुनाची पोर हाय."

यंत्रमाग चालू होते. मी पुढचा थर तिच्यासमोर ठेवला, पण तिने ब्रश हातात घेतला नाही. ती माझ्या तोंडाकडे बघत होती, मान वळवून, वर. तिला काय हवंय ते मला जरा उशिराच कळलं.

मी तिच्यासमोर खाली बसले, म्हणजे तिला मान वर करावी लागू नये. म्हटलं, पहिलं भांडण चहात आलं घालायचं की नाही ह्यावरून झालं होतं. तू आलं घालायचीस, मला चालत नव्हतं. "मग काय म्हनली ती?" मावशीने विचारलं. तू जे म्हणाली होतीस ते मी तुझ्याच आवाजात सांगितलं. मग दुसरं भांडण सांगितलं, मग तिसरं. गोंद वाळून गेला. मी सांगत होते.